पाहुण्यांसाठी धुतलेली वलांडी

मित्रांनो, वसईच्या किल्ल्याकडे सहलीला आलात की तुम्ही माझ्यासमोरून नाक दाबून जाता, हे मला ठाऊक आहे. जाताना तुमच्यातला कोणीतरी हमखास म्हणतो, "काय वास मारतोय!" त्या वासावर किती घरांची चूल पेटली ते तुम्हाला कोण सांगणार? म्हणून आज मीच सांगते. मी बोंबील सुकवायची वलांडी आहे. जुनी आहे, खारावलेली आहे आणि सध्या फार रागावलेली आहे.

वलांडी म्हणजे काही मोठे यंत्र नव्हे. वाळूत रोवलेले खांब, खांबांना एकावर एक ताणून बांधलेल्या दोऱ्या आणि वर उघडे आभाळ. ताजा बोंबील इतका लुसलुशीत असतो की हातात धरला तरी निसटतो. पण दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले, की ती जोडी दोरीच्या दोन बाजूंना अशी लोंबते की कितीही वारा सुटो, खाली पडत नाही. मग ऊन आणि दर्यावरचा वारा आपापले काम करतात. मी फक्त ताठ उभी राहते. ऐकायला सोपे वाटते ना? जरा एक दिवस उभे राहून पाहा.

सॅन्टन नावाच्या कोळ्याने मला उभारले. सेलिनशी त्याचे लग्न झाले त्याच वर्षीची ही गोष्ट. सुरूचे सरळ खांब त्याने स्वतः निवडून आणले, त्यांची बुडे डांबरात बुडवली आणि पाण्याच्या सगळ्यांत जवळची जागा मला दिली. हंगामाच्या सुरुवातीला फादर होड्यांना आशीर्वाद द्यायला आले, तेव्हा नव्या नवरीने त्यांना अडवून माझ्यावरही पवित्र पाणी शिंपडायला लावले. सारा कोळीवाडा हसला. सेलिन मात्र हसली नाही. ती म्हणाली, "होडी मासली आनते, पन घर वलांडीच चालवते." तेव्हापासून मी तिची झाले.

काय दिवस होते ते! पहाटे होड्या लागायच्या, सकाळी सेलिनचे हात माझ्या दोऱ्यांवरून सरसर फिरायचे आणि ऊन वर येईपर्यंत मी चंदेरी झालेली असायचे. त्यांचा मुलगा स्टीवन माझ्या सावलीत बसून कावळे हाकायचा. माझ्या खालच्या दोरीला लोंबकळून त्याने कितीदा मार खाल्ला, याचा हिशेब नाही. पुढे सॅन्टन आजारात गेला. सेलिनने काळे कपडे घातले, प्रार्थना झाली, आणि दुःखाचे दिवस सरताच ती पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली. नुसती एकेक गाठ आवळत गेली.

सेलिनचे बोंबील पांढरे आणि कडक असत. आचोळ्याहून सरोजिनीबाई नावाच्या एक शिक्षिका दरवर्षी खास त्यासाठी येत. पावसाळ्याची बेगमी इथूनच भरायची, हा त्यांचा नेम. तुळिंजच्या बाजारात याहून जवळ सुके बोंबील मिळत नाहीत का? मिळतात. पण त्या म्हणायच्या, "सेलिनताई, तुमचे बोंबील भाजले की शेजारी दार वाजवतात." अशा वेळी मी किती ताठ व्हायचे ते विचारू नका.

मग एक दिवस समोरच्या दर्यात एक जहाज आले. प्रवाशांना फिरवणारे, अनेक मजल्यांचे, नाताळच्या केकसारखे पांढरेशुभ्र. मुंबईच्या धक्क्यावर जागा मिळेपर्यंत ते आमच्यासमोर नांगर टाकून थांबायचे. संध्याकाळी त्याचे दिवे लागले की सारा कोळीवाडा वाळूत जमायचा. स्टीवनला त्याच जहाजावर नोकरी लागली तेव्हा सेलिनने वाड्यात केक वाटला. येईल त्याला ती बोटाने दाखवायची, "त्यो बग, माजा स्टीवन तिथं हाय." मीसुद्धा मान उंचावून पाहत होते. आपला पोरगा म्हणून मला केवढे कौतुक!

सुट्टीवर आला की स्टीवन गमती सांगायचा. म्हणायचा, "मम्मी, माझं काम काय माहितेय? धुराड्यातून काजळी पडते ना, ती सकाळी गेस्ट लोक उठायच्या आत डेकवरून साफ करायची. त्यांच्या पांढऱ्या बुटांना डाग नको." सेलिन खदखदून हसली. "घरी कवा झाडू हातात धरला नाय, आनि तिथं पुसतोस?" तेव्हा आम्हाला हसू आले. जहाजाच्या डेकवर पडून उरलेली काजळी जाते कुठे, हे ना तिने विचारले ना मी.

ती माझ्याकडे येत होती.

जहाज उभे असले तरी त्याची इंजिने थांबत नाहीत. आतले दिवे, थंड हवा, गरम पाणी, नाचगाणी, सारे त्यांच्यावरच चालते. आणि त्यासाठी ते जाळते जाड, काळे, स्वस्त तेल. दुपारी दर्यावरून वारा सुटला की बारीक काळे कण येऊन ओल्या बोंबलांना चिकटायचे. ओल्या मासळीवर बसलेली काजळी वाळल्यावर निघत नाही. माझ्या पांढऱ्या दोऱ्या आधी करड्या झाल्या, मग काळ्या. सेलिनने साबणाने घासल्या, राखेने घासल्या, उपयोग शून्य. ती काजळी तेलकट होती, दोरीच्या पिळात मुरलेली.

सरोजिनीबाई आल्या. त्यांनी एक बोंबील उचलला, बोट फिरवले आणि बोट सेलिनसमोर धरले.

"सेलिनताई, हे काळं कसलं हो?"

"धूल असंल, बाई. वालीवच्या कारखान्यांची."

"धूळ अशी तेलकट नसते. वासही वेगळा येतोय." त्यांनी बोंबील परत ठेवला. "राग मानू नका. घरात लहान मुलं आहेत, म्हणून म्हटलं."

त्या रिकामी पिशवी घेऊन गेल्या. सेलिन बराच वेळ त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली. मच्छिमार संस्थेचे अध्यक्ष शांताराम जवळच जाळे शिवत बसले होते. ते म्हणाले, "सेलिनबाय, वालीव आपल्या पाठीमागं. दुपारचा वारा येतंय दर्यावरना. उगीच वालीवच्या नावानं कशाला बोंब मारतेस?" सेलिनने समोर पाहिले. पांढऱ्या जहाजाच्या धुराड्यातून काळा पट्टा सरळ आमच्याकडे येत होता. ती काही बोलली नाही. तिच्या पोटचा गोळा त्या जहाजावर होता ना!

पण शांताराम बोलले, आणि ठिकठिकाणी बोलले. त्यांनी सरकारी कार्यालयात खेटे घातले. माझ्या सावलीत बैठक घेऊन त्यांनी लोकांना समजावले, "आपन जहाज बंद करा म्हनत नाय. काही देशांत जहाज किनाऱ्याजवल आलं की त्याला स्वच्छ तेल जालावं लागतं. आपल्याकडं पन तसा नियम लावा, नायतर दूर उभं करा, यवदंच मागतोय." शेवटी कार्यालयाने ठरवले की अधिकारी येऊन प्रत्यक्ष पाहणी करतील, काजळीचा नमुना नेतील आणि मग आमच्या किनाऱ्यासाठी नियमाचा विचार होईल. नमुना कोणाचा? माझा! पाण्याला सगळ्यांत जवळ मी, सगळ्यांत काळी मी. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या काळेपणाचा अभिमान वाटला. सेलिनचे बोंबील पुन्हा पांढरे व्हायचे असतील तर ते आता माझ्या दोऱ्यांवरच अवलंबून होते.

नेमका त्याच वेळी स्टीवन सुट्टीवर आला. एका दुपारी तो माझ्या खांबाला टेकून फोनवर बोलत होता. पलीकडे कंपनीचा कोणी माणूस होता.

"हो सर, परवा येणार आहेत. हो, आमचीच वलांडी दाखवणार." मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. पायाने वाळू उकरत होता. "नाही सर, समजलो. तुम्ही फक्त त्या दिवशी जहाजाचं बघा, इकडचं मी करतो. पण माझं कॉन्ट्रॅक्ट तेवढं लक्षात ठेवा हां, सर."

ज्या खांबाला धरून तो चालायला शिकला, त्याच खांबाला टेकून तो हे बोलला. केसाने गळा कापणे म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळले.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटले की माणसे वेडी होतात. फादर घराला आशीर्वाद द्यायला येणार असले तर आधी भिंतींना चुना लागतो. सोयरे येणार असले तर अंगणातली पालापाचोळ्याची काडीसुद्धा उचलली जाते. दारिद्र्य असो, दुखणे असो, पाहुण्याच्या नजरेला ते पडता कामा नये, ही इथली रीत. पाहणीच्या आदल्या दिवशी साऱ्या कोळीवाड्याने नेमके तेच केले! गल्ल्या झाडल्या. जाळी घडी करून ठेवली. बाकीच्या वलांड्यांना नव्या दोऱ्या आल्या. सेलिनने काळे पडलेले सगळे बोंबील उचलून वाडीवाल्यांना केळींच्या खतासाठी देऊन टाकले. खुद्द शांतारामांनी आपली होडी धुऊन तिला झेंडूची माळ घातली. तक्रार करणाऱ्यानेच तक्रारीला झाडू मारला, याला काय म्हणावे?

सेलिन बादली घेऊन माझ्याकडे आली. "सायेब लोक येतायत आनि आमी अशी कालीकुट्ट वलांडी दावायची? लोक काय म्हनतील!"

मी तिच्यावर रागावले नाही. तिचा स्वभाव मी जाणून होते, आणि साबणाने माझी काजळी जात नाही हेही जाणून होते. घास बाई, हवे तेवढे घास, असे मनात म्हणाले. तेवढ्यात स्टीवन घरातून आला. त्याच्या हातात एक डबा होता.

"थांब मम्मी, साबणाने नाही जाणार. ही पावडर घे. जहाजावर डेक आम्ही हिनेच साफ करतो."

मित्रांनो, ज्या जहाजाने मला काळे केले, त्याच जहाजाची पावडर माझ्या अंगाला लागली. पहिल्याच हातात काळे पाणी वाळूत वाहू लागले. सेलिन हरखून गेली. स्टीवनने दात घासायचा ब्रश घेऊन माझ्या एकेका गाठीतली काजळी उकरून काढली. मला वाटले, पोरगा लहानपणी एवढ्या मायेने कधी वागला नव्हता. संध्याकाळी शांताराम तिकडून जाताना थबकले आणि म्हणाले, "वा सेलिनबाय, वलांडी नवरीसारखी केलीस!" त्यांच्याही ध्यानात आले नाही. सगळ्या वाड्यात फक्त दोघांना ठाऊक होते, एक स्टीवन आणि दुसरी मी. त्याला बोलायचे नव्हते आणि मला बोलता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाहणीसाठी अधिकारी उन्नती मॅडम आल्या. तरुण होत्या, उन्हाने लाल झाल्या होत्या, पण कामाच्या बाबतीत चोख. सेलिनने त्यांना लिंबाचे सरबत दिले, वसईची सुकेळी दिली, बसायला खुर्ची दिली. मॅडमनी आधी दर्याकडे पाहिले. जहाज होते, पण खूप लांब सरकलेले, आणि धुराडे असे निर्मळ की जणू त्याने जन्मात कधी धूर काढला नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. पिशवीतून पांढरा कापूस काढून त्यांनी माझ्या वरच्या दोरीवरून फिरवला. मधल्या दोरीवरून फिरवला. गाठी तपासल्या. कापूस पांढराच राहिला.

"काकू, तुमची जागा किती स्वच्छ आहे!" त्या म्हणाल्या. "आम्हाला तर इथे काजळीचे थर आहेत असं सांगितलं होतं."

सेलिनचा चेहरा क्षणभर खुलला. पाहुण्याने घराची स्तुती केली की कोणाचा खुलत नाही? आणि मग तो हळूहळू उतरला. तिला कळले. शेजारी उभ्या शांतारामांनाही त्याच क्षणी कळले. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"मॅडम, कालच धुतली हो! परवापर्यंत काली होती. हे फोटो बगा माज्या मोबाइलमधले."

"फोटोवरून काजळी कशाची ते कळत नाही, काका. मला नमुना लागतो." मॅडमना वाईट वाटले असावे, कारण त्या लगेच निघाल्या नाहीत. त्यांनी सेलिनकडे पाहिले. "काकू, धुतली म्हणता, तर कशाने धुतली? तेलाची काजळी साध्या साबणाने सहसा जात नाही. काही खास वापरलं असेल तर सांगा. तेवढी नोंद झाली तरी मी पुन्हा येऊन तपासणी करू शकते."

बघा, किती सोपा प्रश्न होता! डबा घरात होता. त्यावर जहाजाचे नाव होते. सेलिनने फक्त आत जाऊन तो आणायचा होता.

सेलिनने स्टीवनकडे पाहिले. स्टीवन खाली पाहत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहानपणी दोरीला लोंबकळताना सापडला की व्हायच्या तशाच. सेलिन त्याच्याकडे पाहत राहिली आणि मी सेलिनकडे. इतक्या वर्षांत मी तिच्याकडे काहीही मागितले नव्हते. तेव्हा मागितले. सेलिन, खरे सांग.

"साबनानं," सेलिन म्हणाली. "साध्या साबनानं."

मित्रांनो, वादळात माझा खांब मोडला आहे. उधाणाने माझी वाळू नेली आहे. कशाचेही मला एवढे लागले नाही. जहाज परके होते, त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची? स्टीवनला नोकरी प्यारी, तेही समजू शकते. पण सेलिन तर माझी होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, रागवायचे तरी कोणावर? तरीही मी रागावले. आजही रागावलेलीच आहे. आईचे मन आईला ठाऊक, वलांडीचे मन कोणी विचारत नाही.

उन्नती मॅडमनी जे दिसले आणि जे ऐकले तेच लिहिले. साध्या साबणाने निघणारी धूळ, एवढेच. आमच्या किनाऱ्याला नियमाची गरज नाही असे ठरले. शांतारामांनी सेलिनला एका शब्दाने विचारले नाही. ते माझ्या सावलीत जाळे शिवायला बसायचे, ते फक्त बंद झाले. स्टीवन कामावर परत गेला, जहाज पुन्हा जवळ येऊन थांबले आणि दुपारचा वारा सुटताच मी पुन्हा काळी होऊ लागले. सेलिन पूर्वीसारखी बोंबील लावते. गिऱ्हाईक मात्र येत नाही.

मागच्या महिन्यात स्टीवनचा फोन आला. सेलिन दोन्ही हातांनी काम करत होती, म्हणून फोन माझ्या खांबाला अडकवून मोठ्या आवाजात लावलेला.

"मम्मी, आपले सुके बोंबील पाठव ना! इथलं जेवून कंटाळा आला. सगळे म्हणतात, तुझ्या मम्मीच्या हातचे खायचेत. शेजारचा जोनाथन जॉइन होतोय, त्याच्याकडे दे."

सेलिन "बरं" म्हणाली. मला वाटले, आता ही लांबच्या कोणाकडून तरी पांढरे बोंबील आणून पाठवील. पाहुणचाराचा सोस असलेली बाई ती. पण तिने पाटी घेतली, माझ्या सगळ्यांत वरच्या दोरीपाशी आली आणि सगळ्यांत काळे बोंबील निवडून काढले. झटकले नाहीत, पुसले नाहीत. तसेच कागदात बांधले आणि जोनाथनच्या हातात दिले.

काही दिवसांनी पुन्हा फोन वाजला.

"मम्मी, अगं, बोंबील काळे आहेत. सगळ्यांसमोर पुडा उघडला मी. तेलाचा वास मारतोय. कोणी हात नाही लावला."

सेलिन एक जोडी अडकवत होती. ती अडकवून झाली, मग बोलली.

"ते तुज्याच जहाजाचं हाय, पोरा. आमी पन तेच खातो."

पलीकडून फोन बंद झाला. सेलिन माझ्या खांबाला डोके टेकून रडली. मला तिची दया आली, पण मी तिला माफ केले असे म्हणणार नाही. एवढे खरे की त्या दिवसापासून तिने मला धुतलेले नाही. काल ती शांतारामांच्या दारात गेली होती आणि जाताना तो पावडरचा डबा पदराखाली घेऊन गेली. तिथे काय झाले ते मला दिसले नाही. आज सकाळी मात्र शांताराम जाळे घेऊन माझ्या सावलीत येऊन बसले.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कोणी पाहणी करणारे व्हाल, कोणी जहाजावर जाल. जिथे असाल तिथे एक ध्यानात ठेवा. पाहुणा येणार म्हणून घर जरूर झाडा, पण आपले दुखणे झाडून टाकू नका. आणि पाहणीला जाल तेव्हा सांगून जाऊ नका. आम्ही माणसांच्या हातातल्या वस्तू, कोणी पुसले की पुसल्या जातो. आम्हाला एकच बोलणे येते, अंगावर जे पडले ते दाखवणे. तेवढेही आमच्याकडून काढून घेऊ नका.

पुढच्या वेळी किल्ल्यावर आलात तर नाक दाबून पळू नका. दोन पावले वाळूत या आणि माझ्या दोरीवरून एक बोट फिरवा. ते काळे होईल. लगेच धुऊ नका. आधी कोणाला तरी दाखवा.